डब्यासकट

अख्ख्या सांगली जिल्ह्यात स्वतःच्या मालकीचं काहीएक नसलेला सुखवस्तू माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे आतोबा. आत्याचे यजमान म्हणून आतोबा. आष्ट्याला त्यांचं दोन खोल्यांवर दोन खोल्या चढवलेलं घर आहे, दारात स्कूटर आहे, परसात चिकूचं झाड आहे, साखर कारखान्यातल्या स्टोअरकीपरच्या नोकरीची पुंजी बँकेत आहे. पण यातलं काहीच त्यांचं नाही. सगळं प्रभूचं. आतोबा फक्त कारभारी. असं नुसतं म्हणणारी माणसं आमच्या ख्रिस्ती मंडळीत पुष्कळ आहेत. रविवारी ती तसं म्हणतात आणि सोमवारी बांधावरून भांडतात. आतोबांचं निराळं. तरुणपणी चर्चमध्ये कुणा पाळकसाहेबांनी कारभारीपणावर उपदेश केला, बाकीची मंडळी तो ऐकून जेवायला घरी गेली, आणि आतोबांनी घरी येऊन ‘माझं’ हा शब्दच तोंडातून हद्दपार केला. तेव्हापासून ते ‘माझी चप्पल कुठं गेली’ असं विचारत नाहीत. ‘माझ्याकडं असल्याली चप्पल कुठं गेली’ असं विचारतात. चप्पल सापडेपर्यंत वाक्य दोनदा म्हणावं लागलं तर दोन्ही वेळा पुरं म्हणतात.

या हिशेबाने वागणाऱ्या माणसाचं जगात कसं व्हायचं, अशी काळजी आत्याला होती आणि ती रास्त होती. सांगलीत एकदा चौकातल्या हवालदाराने स्कूटर अडवून विचारलं, “गाडी कुणाची?” आतोबा म्हणाले, “प्रभूची.” हवालदाराला वाटलं, प्रभू म्हणजे कुणी मित्र, चुलतभाऊ वगैरे असेल. तो म्हणाला, “बोलवा त्यांना कागद घेऊन.” त्यावर आतोबा अगदी गंभीरपणे म्हणाले, “त्यो येणारच हाय. पर कवा, त्ये कुणालाच ठावं न्हाई.” पावती शेवटी आतोबांच्याच नावाने फाडली गेली. भांड्यांचंही तेच. नवी भांडी घेतली की आपल्याकडे त्यांवर नाव घालायची पद्धत. आतोबा नाव घालणाऱ्यापुढे बसले आणि म्हणाले, “प्रभू असं घाल.” तो म्हणाला, “आडनाव सांगा, न्हाईतर पंगतीत बदलतील.” आडनावाचा प्रश्न आतोबांनाही अवघड गेला. शेवटी अक्षरं वाचवून सगळ्या भांड्यांवर नुसतं ‘प्र.’ घातलं. शेजारच्या काकूंचं नाव प्रमिला. गल्लीतल्या पहिल्याच बारशाच्या जेवणानंतर आत्याची निम्मी ताटं काकूंच्या फडताळात गेली, आणि ती परत मागायला आतोबांनी साफ नकार दिला. “एका कारभाऱ्याकडनं दुसऱ्याकडं गेली. मालकाला काय फरक?”

आता, आपलं काही नाही म्हटल्यावर माणूस वस्तूंशी बेफिकीर होईल असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. मालक आपली वस्तू टाकील, मोडील, विसरून येईल. कारभाऱ्याला ते करता येत नाही. त्यामुळे आतोबांची छत्री अजून तीच आहे, फक्त तिचं कापड, काड्या आणि मूठ वेळोवेळी बदललेली आहे. स्कूटर ते पुसतात तेव्हा बघणाऱ्याला वाटावं की उद्या ती परत करायची आहे. चिकूचा दशमांश तर ठरलेला. दर दहातला एक चिकू पाळकसाहेबांच्या घरी जाणार, आणि तोही वेचून चांगलाच. वटवाघळाने अर्धा खाल्लेला चिकू मोजणीत धरायचा की नाही, यावर त्यांनी पाळकसाहेबांना भर उन्हात फाटकाशी उभं करून ठेवलं होतं. पाळकसाहेब सुशिक्षित होते. त्यांनी वटवाघळाला सूट दिली.

आणि काही निकामी पडून राहिलेलं त्यांना बघवत नाही. वापरात नसलेली वस्तू म्हणजे मातीत पुरलेली वस्तू, असं त्यांचं मत. त्यामुळे त्यांची शिडी, ताडपत्री आणि आत्याचा कुकर यांनी आष्टा जितकं पाहिलं तितकं खुद्द आत्याने पाहिलं नाही. डाळ शिजवायची वेळ झाली की आत्या दारात उभी राहून कुकर आज कुणाकडे आहे याचा शिट्टीवरून अंदाज घ्यायची. हा न्याय ते दुसऱ्याच्या घरातही लावतात, हे अधिक कठीण. साताऱ्याला आमच्याकडे आले की नव्या वस्तूसमोर उभं राहून मला मायेने विचारतात, “पोरी, ह्ये तुज्याकडं कशापायी ठिवलंय?” म्हणून आतोबा येणार असले की आमच्याकडे मोठ्या टीव्हीवर सोलापुरी चादर टाकली जाते. मंडळीत अर्पणासाठी मोबाइलने पैसे घ्यायची सोय झाली आणि सोबत ते मोठ्याने रक्कम सांगणारं यंत्र आलं, तेव्हा आतोबांनी त्यावरही शेवटी चादरच टाकली. “ह्या हाताचं त्या हाताला कळू ने म्हंत्यात, आन् ह्ये सगळ्या गल्लीला वरडून सांगतंय!”

या सगळ्यात आत्याचं काय, असं कुणी विचारलं नाही. आमच्या भागात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कुणी ‘आमचं मालक’ म्हणतं, कुणी ‘आमचं कारभारी’ म्हणतं. बोलणारीला दोन्ही सारखंच. आत्या साताऱ्याकडची, ती लग्न होऊन आली तेव्हा ‘मालक’ म्हणायची. त्या उपदेशानंतर आतोबांनी ते बंद केलं. मालक वर एकच, खाली सगळे कारभारी. आत्या सवयीने ‘आवं मालक’ म्हणाली की आतोबांना ऐकूच यायचं नाही. चहा निवून जायचा पण ‘ओ’ यायची नाही. मग ती हसून म्हणायची, “आवं कारभारी, च्या घ्या,” आणि कारभारी लगेच कप उचलायचे. त्या एका शब्दावर त्यांचा जीव होता. सरकारने पदवी दिली असती तरी त्यांनी ती एवढ्या आनंदाने मिरवली नसती.

पिकं घरात आली की आमच्याकडे हंगामाचा सण होतो. ज्याच्या रानात, परसात जे पिकलं ते तो देवळात आणतो (आमची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात), आणि उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचा लिलाव होतो. एखादा साधा भोपळा बाजारात कुणी ऐकली नसेल अशा किमतीला जातो. घेणाऱ्याला भोपळा नको असतो, त्याला द्यायचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लिलाव पुकारायचे आतोबा. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एका वर्षी आतोबांकडच्या शाळूची, म्हणजे ज्वारीची, पिशवी ऐन वेळी उसवली म्हणून आत्याने तो पितळी डब्यात भरून पाठवला. डबा कडीच्या झाकणाचा, माझ्या आजीने आत्याला लग्नात दिलेला. त्यावर आजीने कोरून घेतलं होतं, ‘चि. करुणा हिस आईकडून.’ घरातलं ‘प्र.’पासून वाचलेलं तेवढं एकच भांडं.

शाळूची बोली अडली. पुढे पलूसचे एक निवृत्त सुभेदार बसले होते. ते आमच्या मंडळीतले नव्हेत, पण कारखान्याला ऊस घालताना आतोबांशी दोस्ती झालेली, आणि लिलावाचा नाद दांडगा. ते ओरडले, “निस्त्या शाळूला कोण इचारतंय, गड्या? डब्यासकट देतोस का बोल!” मांडव हसला. आतोबा रंगात आले होते. हात वर करून म्हणाले, “मांडवात आलं त्ये प्रभूचं! डब्यासकट! एकवार, दोनवार, तीनवार!” टाळ्या पडल्या. मी बायकांच्या बाजूला आत्याशेजारी होते. ती अर्धी उठली, पुन्हा खाली बसली, आणि पदर सारखा करत राहिली.

घरी येऊन तिने ताट वाढलं आणि म्हणाली, “जेवायला बसा, मालक.”

आतोबांना पहिल्यांदाच तो शब्द ऐकू आला. “काय म्हनलीस?”

“मालक म्हनलं. कारभारी दुसऱ्याची चीज इचारून देतो. न इचारता देतो त्यो मालकच की वो.”

त्यानंतर ती भांडली नाही, रुसली नाही, कधी डब्याचं नावही काढलं नाही. फक्त मालक म्हणत राहिली. चारचौघांत, पाहुण्यांत, पाळकसाहेबांसमोर, अगदी गोड आवाजात. आतोबांनी बरेच उपाय केले. चहा न पिता बसून पाहिलं; आत्याने कप उचलून नेला. सांगलीहून नवा कोरा डबा आणला आणि त्यावर तिचं पुरं नाव घालून आणलं, जे त्या घरात कधी घडलं नव्हतं. आत्याने तो दुसऱ्या दिवशी महिला मंडळाला देऊन टाकला. “प्रभूचाच न्हवं? मग दिला.” हा धडा त्यांचाच होता. सुभेदारांकडून डबा परत मागावा, तर अर्पणात गेलेली वस्तू मागायची कशी? जो माणूस शेजारणीकडून स्वतःची ताटं मागत नव्हता तो हे कुठून करणार? पण ‘कारभारी’ ऐकायला तो माणूस झुरत होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. एरवी हसू येणारी गोष्ट. त्यांच्याकडे बघून हसू यायचं नाही.

बिचाऱ्या सुभेदारांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते दर सणाला हौसेने आपल्या रानातला शाळू आणायचे, आणि आणायचे त्याच डब्यातून. मग आतोबा सगळ्यांत मोठ्या आवाजात पुकारायचे, “डबा सोडून! निस्तं धान्य!” धान्य ओतून घेतलं की आत्या तो डबा मांडीवर घ्यायची, पदराने आतून-बाहेरून पुसायची, कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायची, आणि सुभेदारीणबाईंच्या हातात परत द्यायची. बाई म्हणायच्या, “कशाला तरास घेता, वहिनी?” आत्या म्हणायची, “ऱ्हाऊ द्या वो.” वर्षातली तिची आणि डब्याची भेट एवढीच.

गेल्या सणाच्या आधी आत्याने अंथरूण धरलं. सणाला तिला येता आलं नाही. मी मांडवातून घरी गेले तेव्हा तिने उशीवरूनच विचारलं, “डबा आला हुता का गं?” मी म्हटलं, आला होता. मग ती म्हणाली, “पुसला का कुनी?”

कुणीच पुसला नव्हता. आतोबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते तसेच मागच्या मागे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्कूटर काढली, मला मागे बस म्हणाले, आणि आम्ही पलूसला गेलो.

जन्मभर दुसऱ्याला देत आलेल्या त्या माणसाला मागता येत नव्हतं. सुभेदारांच्या सोप्यात, पुढच्या ओसरीवर बसून त्यांनी चहा घेतला, उसाच्या लागणीबद्दल विचारलं, भिंतीवरच्या पलटणीच्या फोटोतली माणसं एकेक करून ओळखून घेतली. मग खाली बघत म्हणाले, “सुभेदार, तुमच्याकडं एक डबा हाय.”

“हाय की.”

“उसना मिळंल काय?”

सुभेदार मोठ्याने हसले, पण आतोबांचं तोंड बघून थांबले. बाईंनी डबा आणला, झाकणाजवळची अक्षरं पहिल्यांदाच नीट वाचली. “करुणा म्हंजी आपल्या वहिनी? आवं, मग इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?” त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “उसना कशाला वो, त्येंचा त्येंला द्या.”

परत येताना डबा माझ्या मांडीवर होता.  घरी येऊन आतोबांनी तो आत्याच्या अंथरुणावर, हाताशी ठेवला. तिने डोळे उघडून विचारलं, “कुनाचा आनला?”

मला वाटलं, आता ‘प्रभूचा’ येणार.

“तुजा,” आतोबा म्हणाले. “तुजाच हुता. म्या न इचारता दिला. चुकलं माजं.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो हद्दपार केलेला शब्द मी ऐकला तो असा. आत्याने डबा जवळ ओढला, कडी वाजवून बघितली, आणि काहीच घडलं नसल्यासारखी म्हणाली, “कडी ढिली झालीया. जरा ठोकून आना, कारभारी.” आतोबा कडी ठोकायला परसात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. ठोकल्याचा आवाजही आला नाही.

आत्या पुढे थोडेच दिवस राहिली. आता आतोबा एकटे आहेत आणि झपाट्याने हलके होत चालले आहेत. वरच्या खोल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना दिल्या, स्कूटर नव्या पाळकांना दिली, शिडी कुणाकडे गेली ते त्यांनाही आठवत नाही. परवा मी गेले तेव्हा घरात बोललं तर आवाज घुमत होता. डबा मात्र खाटेशेजारी होता. उघडून पाहिला, तर रिकामा. मी म्हटलं, “आतोबा, हा आजीचा डबा मी नेऊ?” मला डब्याची गरज होती असं नाही. मला आत्या हवी होती, आणि तिची एवढीच एक वस्तू हाताला लागण्यासारखी उरली होती.

आतोबांनी डब्यावर हात ठेवला. “कुकर न्हे. खाट न्हे. काय पायजे त्ये न्हे, पोरी.” मग चोरी पकडली गेल्यासारखे, माझ्याकडे न बघता म्हणाले, “ह्यो न्हाई द्यायचो मी. प्रभूला सांगिटलंय तसं. त्यो काय बोलला न्हाई.”