डाव्या खांद्याचा आळ

“हिचा डावा खांदा बघ की. मावशीनं न्हाऊ घालताना हात वडला, तवापासनं वरच हाय. हे बाळ तिच्या हाती न्हाई द्यायचं.”

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत दुपट्यांच्या घड्या करत होते. वहिनीचं दुसरं बाळंतपण कार्ला गावात आमच्याच घरी झालं होतं आणि ते कळताच मावशी तेलाची वाटी घेऊन आपणहून आल्या होत्या. गावातली निम्मी बाळं त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली, मलाही. माझा खांदा वर दिसायला लागला आणि आमच्याकडून त्यांना बोलावणं थांबलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आताही त्या दाराबाहेरच्या ओट्यावर तशाच बसून होत्या.

त्याच आठवड्यात मी लोणावळ्याच्या दवाखान्यात तपासून घेऊन आले होते. मान अवघडायची म्हणून आधी एक्स-रे झाला. तो काढणारा दादा म्हणाला, “मॅडम, खांदे ढिले सोडा.”

“सोडलेत.”

“डावा पण.”

“तो पण.”

त्याने काचेतून पुन्हा पाहिलं आणि आम्ही दोघंही हसलो. अनोळखी माणसासमोर मी सहसा हसत नाही.

मग सीटी स्कॅन. डॉक्टरांनी पडद्यावर माझी हाडं गोल फिरवून दाखवली. पोटातल्या बाळाचं खांद्याचं पातं आधी मानेजवळ असतं, मग खाली पाठीवर उतरतं. माझं मध्येच थांबलं होतं. एका बारक्या हाडाने ते मानेच्या मणक्याशी जोडलेलं होतं. लहानपणी कुणी हात ओढल्याने असं होतं का, एवढं मी विचारलं.

“छे. हे जन्माआधीचंच आहे.”

घरी येऊन मी फक्त व्यायाम सांगितलेत म्हणाले. माझ्या पाठीची चर्चा मला नको होती; खांद्याचा विषय निघाला की मी काही न बोलता उठून जायचे.

“पानी निवायला लागलं गं,” ओट्यावरून मावशी म्हणाल्या. आत्याने ऐकू न आल्यासारखं पातेलं घासायला घेतलं. मावशींनी वाटी पदराखाली धरली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या.

मी स्कॅनची फिल्म घेऊन आत गेले आणि खिडकीच्या उजेडात धरली.

“काय गं, आज बोलतीस का काय?” आत्या म्हणाली.

ओट्यापर्यंत ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानेच बोलले, “आत्या, माझा खांदा जन्माआधीपासून असा आहे. मावशींनी काही केलेलं नाही. बाळाला त्याच न्हाऊ घालतील.”