उस पारचा देवभात

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, हे मराठी घरात कुणाला सांगायला नको. नांगरलेल्या जमिनीतलं एक शीतसुद्धा त्या दिवशी पोटात जायचं नाही. मग खायचं काय? दलदलीत आपोआप उगवतो तो देवभात. काशीतले लोक त्याला तिन्नी म्हणतात. आमच्या ब्रह्मा घाटावरच्या बायका हे व्रत मोठ्या कडकपणे पाळत, आणि त्यांचा कडकपणा सांभाळायला चिखलात उतरत कालिंदीकाकू.

काकू मूळच्या कोकणातल्या, लहानपणीच विधवा झालेल्या. म्हातारे सासरे मरायला काशीला निघाले, त्यांचं गाठोडं उचलायला कुणीतरी हवं, म्हणून ही सून बरोबर आली. सासऱ्यांना पंचगंगेच्या पायऱ्यांवर हवं तसं मरण आलं. काकू मागे राहिल्या. माझे सासरे ढुंढिराजशास्त्री यांच्या घरात जिन्याखालची खोली त्यांना मिळाली, आणि त्या खोलीपायी घरातलं कांडण, दळण, पाणी सगळं त्यांच्या गळ्यात पडलं. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती, काशीत मरण.

"एवढं मिळालं ना शरदिनी, की मागचं सगळं फिटलं," असं त्या मला म्हणायच्या.

आणि देवभात तर उगवतो गंगेच्या उस पार, रामनगरच्याही पुढच्या दलदलीत. उस पार मेलं की गाढवाचा जन्म येतो, हे काशीत शेंबडं पोरही सांगतं. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या पलीकडच्या वाळूत पाऊलसुद्धा टाकत नसत. काकूंना मात्र सगळ्या खुशाल पाठवत. बाजारात तिन्नी मिळे, पण पंसारी तीत साधा तांदूळ मिसळत असेल, या संशयानं सासूबाईंना ती चालत नसे.

देवभाताची एक खोड आहे. दाणा पिकला की लगेच झडून पाण्यात पडतो. म्हणून काकू आधी जाऊन हिरव्या लोंब्यांच्या जुड्या बांधून येत, आणि कोजागिरीनंतर पुन्हा जाऊन त्या टोपलीत झोडपत. कमरेइतकं पाणी, खाली चिखल, पोटऱ्यांना जळवा, आणि लव्हाळ्यानं कापलेले हात. झिंगुर मल्लाह त्यांना नावेतून नेई. दिवस बुडायच्या आत मला काशीत आणून टाक, एवढीच त्यांची त्याला अट असे. घाटावर उतरल्या की गंगेत बुडी मारून त्या अशा हसत, की जणू यमाला फसवून आल्यात.

दिल्लीला बादशहाचा दरबार भरायचा होता, त्या सालची गोष्ट. नवरात्रातच काकूंना जूडी भरली. जूडी म्हणजे हिवताप. दिवसाआड अंगात हुडहुडी भरे आणि त्या गोधडीत दातावर दात आपटत पडून राहत. टपालकचेरीत सरकारी क्विनीनच्या पुड्या मिळायच्या. मी मागवते म्हटलं, तर बाटगं औषध घरात नको म्हणून सासूबाईंनी मोडता घातला.

कोजागिरी झाली. यंदा मला झेपायचं नाही, असं काकू पहिल्यांदाच म्हणाल्या. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "मग येत्या पंचमीला आम्ही सगळ्यांनी पाप खायचं का?"

दुसऱ्या दिवशी काकू विळा घेऊन घाट उतरल्या. त्या गोड बोलण्याचा मला आजही संताप येतो.

संध्याकाळी नाव परतली नाही. सकाळी झिंगुर एकटाच आला, डोक्यावर देवभाताचा बोरा घेऊन. काम संपता संपता काकू पाण्यातच कोसळल्या होत्या आणि रात्रभर त्याच्या झोपडीत तापानं फणफणत होत्या. त्यांना बसवत नव्हतं, उचलूनच आणायला हवं होतं. पण ब्राह्मणाच्या विधवेला हात लावला आणि ती नावेतच गेली, तर लोक मला धरतील, अशी त्याला धास्ती. घरातले दोन पुरुष बरोबर द्या, असं त्याचं म्हणणं.

"माई बस एक्कै बात कहत हईं," तो म्हणाला, "हमके कासी ले चला."

सासूबाईंनी बोऱ्यात हात घातला. भात दमट होता. तो गच्चीवर पसरायला त्यांनी मला पिटाळलं.

खाली पुरुषांची बैठक बसली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे एका यजमानाचा महारुद्र बसायचा होता. आणणाऱ्यांच्या हातात काकू गेल्या तर अशौच येणार, ही खरी अडचण. पण तसं तोंडानं कोण म्हणणार? वेणीमाधवभटजींनी शंका काढली, की भर प्रवाहात प्राण गेला तर तो काशीत गेला धरायचा की उस पार? झालं. पोथ्या सुटल्या. वचनांवर वचनं निघाली. झिंगुर दारात उकिडवा बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. ऊन माथ्यावर आलं तरी मध्यधारेचा निकाल लागेना.

मी भात पसरून खाली आले आणि दाराआडून म्हणाले, "निकाल लागेपर्यंत त्या जगतील का, तेही पोथीत बघा."

सासूबाईंनी माझा दंड धरून मला आत ओढलं. माझे यजमान विश्वेश्वर त्याच बैठकीत होते. त्यांनी पोथीतून मान वर केली नाही.

महारुद्राचा संकल्प उरकला की उद्या दोन भाडोत्री माणसं पाठवू, असं शेवटी ठरलं. झिंगुर उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला परत आलेला पाहिलं आणि मला कळायचं ते कळलं. त्याच्या हातात काकूंचा विळा होता. संध्याकाळी त्यानं आणि त्याच्या बायकोनं न राहवून काकूंना उचललं होतं. पण नाव सोडायच्या आतच त्या गेल्या, उस पारच्या चिखलात. देह त्यानंच गंगेला दिला. हे सांगताना तो लहान मुलासारखा रडला, आणि आमच्या शास्त्र्यांनी त्याला झापलं, की तू शिवलासच कसा.

पुढे एकदा घाटावर धोब्याचं गाढव ओझं घेऊन चढताना दिसलं. ही आपली कालिंदी बरं का, असं सासूबाई म्हणाल्या आणि बायका खुदुखुदु हसल्या. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

भाद्रपद आला. पंचमीला केळीची पानं मांडली, भात वाढला. पंगतीच्या टोकाला काकू बसायच्या, तिथं कुणी पान मांडलं नव्हतं. भात छान मोकळा झाला होता. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "पुढच्या वर्षी कोण जाईल गं?"

माझा हात पानाकडे जाईना. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"पान टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "फार कष्टाचा भात आहे तो."

"मग आज तो कसा चालतो?" असं मी विचारलं आणि पानावरून उठले.