हिराक्काचं उत्तर

फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. कवठे महांकाळहून हिराक्काचा सावत्र मुलगा बोलत होता. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. हिराक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. महिना होत आला त्याला. भेटायला येणारे म्हणतात, वय झालं होतं, सुटली बिचारी. ती सुटली असेल. माझं जे अडकून राहिलं आहे ते आजवर कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका दवाखान्यात सहायक परिचारिकांचं शिक्षण मिळायचं. राहणं-जेवण फुकट, पुढे नोकरी. सातवी पास मुली चालायच्या, पण आधी एक पेपर द्यावा लागे, तोही पाठांतराचा नव्हे, विचाराचा. एखादा प्रसंग दिलेला असायचा. तुम्ही काय कराल आणि का, ते लिहायचं. हिराक्का तेव्हा सत्तावीस वर्षांची विधवा, माहेरी भावाच्या शेरडांमागं हिंडणारी. वयाच्या अटीमुळे तिची ती शेवटची संधी होती. भावाने निक्षून सांगितलं होतं, लागलीस तर जा सांगलीला, नाही तर जतकडच्या चार पोरांच्या बिजवराशी पाट लावून देतो. पत्र्याची ट्रंक घेऊन ती साताऱ्याला आमच्याकडे अभ्यासाला आली आणि उंबऱ्यातच तिने माझा हात धरला. "सुले, मला ह्यातनं काढ गं," म्हणाली. बराच वेळ हात सोडला नाही.

मी नुकतीच मॅट्रिक झालेली, त्याच पेपरला बसणारी. घरात माझा भाव चांगलाच वधारलेला. आदल्या वर्षी बसून आलेल्या एका मुलीकडून तिला आठवतील तेवढे प्रश्न मी वहीत उतरवून आणले. आमच्याकडे अभ्यास म्हणजे घोकणं, दुसरा प्रकार कुणाला ठाऊकच नव्हता. तेव्हा विचाराच्या पेपरचीही मी उत्तरं लिहून काढली आणि हिराक्काला पाठ करायला लावली. चुलीपुढे भाकरी थापता थापता ती पुटपुटायची, चुकली की पिठाच्या हाताने कपाळावर मारून घ्यायची. माझे वडील पलटणीतून पेन्शनीत आलेले. ते दारातून म्हणायचे, "हुकूम म्हंजे हुकूम. वरच्याला उलट ईचारायचं न्हाई, एवढं ध्येनात ठेवा, पास हुताय." माझी निम्मी उत्तरं त्यांच्या या एका वाक्यातून निघाली होती.

त्यातला एक प्रश्न असा होता: डॉक्टरांनी लहान मुलासाठी मोठ्या माणसाइतकं औषध लिहून दिलं आहे, तुम्ही काय कराल? मी वाचायचा अवकाश, हिराक्का म्हणाली, "मी न्हाई देणार. आदी जाऊन ईचारीन त्यास्नी. ल्हिताना चुकलं आसंल." मग परातीत हात तसाच ठेवून ती बोलत राहिली... तिची मुलगी वर्षाची असताना तापाने फणफणली होती. सासरच्या गावातल्या कंपाउंडरने बाटली भरून दिली. तेव्हा बाटलीला खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवत, एका वेळी एका खाचेएवढं औषध. "मामंजींच्या बाटलीवर जेवढाली खाच, तेवढालीच माज्या पोरीच्या बाटलीवर. मला दिसलं गं. सासूला म्हणलं, तर म्हणली, त्येला ईचारणारी तू कोण? मी गप बसले. माज्या हातानं पाजलं." मुलगी दुसऱ्या दिवशी गेली.

मी सतरा वर्षांची होते. हे सगळं ऐकूनही मी तिला काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आक्का, ते घरचं झालं. ह्यो परीक्षेचा पेपर हाय. डॉक्टरला उलट ईचारणारी नर्स कोण ठिवून घील?" आणि तिच्याकडून घोकून घेतलं, वरिष्ठांची आज्ञा पाळणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे. तिने वाद घातला नाही. शिकलेली मी होते ना.

सांगलीला तोच प्रश्न आला, थोडा फिरवून. पाठ केलेलं वाक्य मी लिहायला घेतलं आणि मला ती बाटली दिसायला लागली. लिहिलेलं खोडून मी हिराक्काचं उत्तर लिहिलं, कारणासकट. दोन बाकं पुढे तिची पाठ दिसत होती. मान खाली घालून ती माझं उत्तर लिहीत होती... एसटीची वाट बघताना तिने विचारलं, "त्यो औशिदाचा प्रश्न आलता. तू बी त्येच ल्हिलंस न्हवं?" मी "व्हय" म्हणाले.

यादीत माझं नाव होतं, तिचं नव्हतं. रुजू झाल्यावर शिकवणाऱ्या बाई सहज बोलून गेल्या, "निमूट आज्ञा पाळीन म्हणणाऱ्या सगळ्या मुली आम्ही गाळल्या." त्याच उन्हाळ्यात हिराक्काचा पाट लागला. निघताना मलाच समजावत म्हणाली, "माजं डोस्कंच न्हाई गं त्यातलं." तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. स्वतःची इतकी किळस मला पुन्हा कधी आली नाही.

सांगू सांगू म्हणत जन्म सरला. सावत्र मुलं हाताशी आल्यावर ती दरवर्षी तपासणीला माझ्याकडे साताऱ्याला यायची. डॉक्टरांना भंडावून सोडायची. ही गोळी कशापायी, ती कवा घ्यायची, दोनी संगट घेतल्या तर काय हुतंय... घरी मात्र मी तळहातावर ठेवीन ती गोळी न बघता तोंडात टाकायची. एकदा मी म्हटलं, "आक्का, मला कदी ईचारत न्हाईस?"

"तू दिल्यावं काय ईचारायचं?" म्हणाली आणि पाणी प्यायली.

गेल्या खेपेची तिची गोळ्यांची डबी इथेच राहिली आहे, अर्धी भरलेली. मी ती उघडते, पुन्हा लावते. मला तरी एकदा उलट विचारायचं होतंस, आक्का.