उघड्यावरचा भाव

इंग्रजांच्या अमदानीत अकोटच्या कापूस बाजारात सौदा रुमालाखाली होई. आडत्या आणि विकणारा रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून भाव ठरवत. शेजारच्याला पत्ता लागत नसे. त्या बाजारात ओरडून भाव मागणारा मी एकच माणूस पाहिला, मिशन शाळेचे याकोब मास्तर. शाळेच्या शेतातला कापूस ते विकायला आणत. मीही आडत्याच; पहिल्याच दिवशी मी रुमाल पुढे केला, तर म्हणाले, "लपवाचं काय हाये त्यात, भाऊ? तोंडानं बोला न!" सारा बाजार हसला. मी तापलो, वाट्टेल ते बोललो. पण सगळे ऐकत होते, म्हणून पुरा भाव द्यावा लागला. ते मी अजून विसरलेलो नाही.

मी हमालीतून वर आलेला माणूस. कापूस आणि माणूस, दोन्ही चिमटीत पारखतो. मास्तर मात्र पारखता येईनात. डोक्यावर खादीची टोपी, गळ्यात क्रूस. सभेत लोक त्यांना पाद्र्याचा माणूस म्हणत आणि चर्चमध्ये चळवळ्या. एकदा चहा पाजून मी विचारलंच, "मास्तर, साहेबाचा अन् तुमचा देव एकच. मंग त्याच्याच राज्यावर काहून उठले?"

"येशूले खिळे कोनं ठोकले, भाऊ?"

"मले काय माईत?"

"सरकारच्या शिपायायनं. तेबी परक्या मुलखातून राज्य कराले आलेलं सरकार होतं. आता म्या कोणाच्या बाजूनं उभं राहावं, तुमीच सांगा."

 

जंगल सत्याग्रहात सरकारी रानातलं गवत कापायला मास्तर निघाले. गोऱ्या पाद्रीसाहेबांनी बजावलं, गेलात तर नोकरीही सोडा आणि मिशनची खोलीही. घरात बायको अंथरुणाला खिळलेली. मी मास्तरांना न विचारता साहेबांकडे गेलो आणि तासभर घासाघीस केली. ठरलं असं, की मास्तरांनी तापाचं निमित्त करून त्या दिवशी घरी राहायचं आणि साहेबांनी पुढे काही विचारायचं नाही. इतका साफ सौदा मी जन्मात केला नव्हता.

मी जाऊन सांगितलं, ते मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रुमालाखाली हात तुमचा होता, भाऊ. माहा नोयता." आणि विळा घेऊन गेले.

तुरुंगातून सुटले तेव्हा खोलीला मिशनचं कुलूप होतं, बायको आणि सामान शेजाऱ्यांच्या ओसरीवर. अंजनगावला मेव्हण्याकडे जायला त्यांनी बैलगाडी भरली. बाजारातून जाताना मी गाडी थांबवली आणि हळूच म्हणालो, "माया गोदामाच्या मांगं खोली हाये. मांगच्या दारानं या, कोणाले समजाचं नाई." माझा आडतीचा परवाना सरकारच्या हातात होता.

मास्तरांनी आधी गाडीत निजलेल्या बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हेच मोठ्यानं बोला, भाऊ. आत्ता सामान उतरवतो."

चार आडते माना वळवून बघत होते. मी शिव्या दिल्या तर पार सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यापर्यंत ऐकू जात. त्या वेळी मी बैलाच्या पाठीवर थाप मारून बाजूला झालो. मास्तर हसले, रागावून नव्हे, आणि गाडी हलली. ते परत अकोटला आले नाहीत. बाई अंजनगावलाच वारल्या, मागोमाग तेही.

माझा ठरलेला सौदा मोडणारा माणूस म्हणून त्यांच्या नावानं मी आजवर बाजारभर बोटं मोडली. खोलीची गोष्ट मात्र आज पहिल्यांदा उघड्यावर सांगतो आहे.