चाळणीतला कोंडा

लग्नानंतर वीस वर्षं मी गव्हाचं पीठ बारीक चाळणीने चाळलं. पोळीत कोंड्याचा कण दिसला की सासूबाईंचं तोंड दिवसभर वाकडं. कोंडा जायचा गल्लीतल्या गाईला. मग मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या, चाला आणि ती चाळणी टांगून ठेवा. धान्य कोंड्यासकट खाल्लं की साखर सावकाश चढते, पोटही भरलेलं राहतं." म्हणजे इतकी वर्षं चांगलं ते गाईने खाल्लं आणि आम्ही शहाणी माणसं मऊ पोळ्या मोडत बसलो.

तेव्हापासून पेठच्या डोंगराकडची एक बाई दर पंधरवड्याला इंदिरानगरात आमच्या दारी नागली, म्हणजे नाचणी, विकायला आणू लागली. माझ्याच वयाची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला ताई. तिच्या नागलीची भाकरी खाऊन माझी साखर हळूहळू ताळ्यावर आली.

यंदा उन्हाळ्यात ती आल्या आल्या पाणी मागायला लागली. आधी एक तांब्या, मग दोन. अंगावरचं मांस उतरलं. ही तहान मी ओळखत होते, माझीही अशीच होती. तरी गप्प बसले. ही आजारी पडली तर नागली कोण आणणार, हेच आधी मनात आलं. त्याची मला लाज वाटते.

मागच्या खेपेला तिने चप्पल काढली, तर अंगठ्याला चिंधी. "काटा मोडला व्हता. महिना झाला, भरतच नाय."

मी विचारलं, "मावशी, घरी खाता काय तुम्ही?"

"भात. पांढराशुभ्र!" ती ऐटीत म्हणाली. "नागली समदी इकते. पोराचं लगीन करायचं हाय. सोयऱ्यांना घरात नागली दिसली तर म्हनतील, हे अजून भाकरीवरच हायेत."

मी साखर मोजायचं यंत्र आणलं, नवी सुई लावली, तिच्या बोटाचं रक्त पट्टीवर घेतलं. आकडा आलाच नाही. यंत्राला मोजता येते त्याच्याही पुढे साखर गेली होती. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, मी येते," म्हणत मी तिचा हात धरला.

तिने तो हसत सोडवला. "आज नाय ताई. उद्या पोरीकडचे घर बघाया येनार. पुढल्या खेपेला जाऊ."

त्यानंतर दोन पंधरवडे गेले. ती आलेली नाही, फोनही लागत नाही. डब्यात तिची नागली अजून चार भाकऱ्यांपुरती आहे. आज सकाळी माझी साखर अगदी बरोबर आली.