कप्तानाला परत आणणारे

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली कप्तान म्हणते. तो कशाचाही कप्तान नाही, तो कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे हिरड्यांची मापं पाठवतात, तो प्लॅस्टरचे साचे ओततो, मेणात एकेक दात बसवतो आणि दिवसभर घासकाम करून संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरा होऊन घरी येतो. नाव पडलं ते लहानपणी, टीव्हीवरच्या अंतराळयानाच्या मालिकेमुळे. आम्ही दोघं ती बघायला बसायचो. मी पहिल्या जाहिरातीला उठून जायचे, हा मात्र पडद्याला नाक लावून बसलेला. पुढे त्या मालिकेचे चित्रपट निघाले, चित्रपटांच्या मालिका निघाल्या, मालिकांना पिल्लं झाली. भावाचे केस गेले, पोट सुटलं, पण ते यान काही थांबलं नाही.

मी त्याची येताजाता थट्टा करते, तो माझा हक्कच आहे. पण एक गोष्ट थट्टेची नाही. आमचे वडील गेले तेव्हा तो कॉलेजात होता. आल्यागेल्यांचं बघणं, कागदपत्रं, आईला सावरणं, सगळं त्यानं केलं आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. काही महिन्यांनी मालिकेतला म्हातारा कप्तान मेला. सगळ्या माणसांना छोट्या यानात बसवून त्यानं लांब पाठवलं आणि स्वतः जळत्या यानाबरोबर गेला. त्या संध्याकाळी माझा भाऊ उशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडला. मी भडकलेच. म्हटलं, सख्ख्या बापासाठी रडला नाहीस आणि ह्या तोंडाला रंग लावलेल्या माणसासाठी रडतोस?

"तो आता परत येणार नाही ना, ताई," तो म्हणाला.

तो कोणाबद्दल बोलतोय हे मला कळलं. मालिकेला मी आजही नावं ठेवते. त्या भागाला कधी ठेवली नाहीत.

आता त्याच्या मुलीबद्दल सांगते. तिला घरात चिमणी म्हणतात, वय सोळा, आणि नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकलेला, कारण ती दिवसाला चार वाक्यं बोलते. तिची आई हॉस्पिटलात नर्स आहे. आईची संध्याकाळची पाळी असली की घरात बाप आणि लेक, एक मोबाइलमध्ये आणि एक पेपरमध्ये. मी समोरच्या दारात राहते, म्हणून मला दिसायचं. एकाच घरातली दोन माणसं, पण स्टेशनवर वाट बघत बसल्यासारखी. भावाला ते लागायचं. "काय बोलू तिच्याशी, तेच समजत नाही," म्हणायचा.

मग त्या यानाच्या खानदानात एक नवी मालिका आली. तिच्यात जुनं कोणी नव्हतं. एक मालवाहू यान, भंगारात काढायच्या लायकीचं, आणि त्याची दुरुस्ती करणारी एक चिडकी बाई. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. चिमणीला मात्र ती रिपेअरवाली इतकी आवडली की तिनं आपणहून बापाला हाक मारली, "बाबा, बघ ना हे, तुझ्या मालिकेतलंच आहे." दोन वर्षं ती दोघं एका सोफ्यावर बसून ते बघत होती. चिमणी चार वाक्यांची चाळीस करायची. इंजिन असं का बंद पडलं, ती बाई खोटं का बोलली, ह्यावर जेवणाची ताटं वाळेपर्यंत भांडणं. दुसऱ्या वर्षाचा शेवट असा की रिपेअरवाली यानाबाहेर लटकलेली, दोर तुटलेला, आतल्यांना पत्ता नाही. पुढचं पुढच्या वर्षी. चिमणी वाट बघू लागली, आणि खरं सांगायचं तर तिचा बाप तिच्यापेक्षा जास्त. त्याला त्या बाईची काळजी होतीच, पण सोफ्याची जास्त होती.

ह्याच काळात त्यानं घोळ केला.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या दुकानावरच्या खोलीत जुन्या चाहत्यांचं मंडळ भरतं. घड्याळजी त्याचे अध्यक्ष. सगळे पन्नाशीपुढचे, सगळ्यांना गुडघेदुखी, आणि बोलणं मात्र दुसऱ्या ग्रहावर उतरण्याचं. मालिका काढणाऱ्या कंपनीनं चाहत्यांना विचारलं होतं, तुम्हाला पुढे कोणाला बघायचं आहे? पाचसहा नावं होती. त्यांत रिपेअरवाली होती आणि चक्क म्हातारा कप्तानही होता. मंडळानं खोली डोक्यावर घेतली. एका माणसाला एकच मत, म्हणून प्रत्येकानं घरादाराच्या नावानं खाती उघडून मतं टाकायची असं ठरलं. भाऊ माझ्याकडे आला, "ताई, तुझा फोन जरा दे." मी भाजी चिरत होते, दिला. अशी मीही मतदार झाले. त्याच्या बायकोचं मत पडलं. आणि त्याच झपाट्यात त्यानं चिमणीच्याही नावानं मत टाकलं, कप्तानाला.

मी नंतर विचारलं, अरे, तिचं तरी तिच्या बाईला टाकायचं. तर म्हणाला, "तिथे सगळे ओरडत होते गं. माझ्या डोळ्यांसमोर एकदम तो आला. बाकी कोणी दिसलंच नाही." नवी मालिका बंद पडेल असं त्याला वाटलंही नव्हतं. दोन्ही चालेल, असं धरून चालला होता.

दोन्ही चाललं नाही. कप्तान भरघोस मतांनी जिंकला, त्याचा चित्रपट जाहीर झाला आणि त्याच दिवशी नवी मालिका गुंडाळल्याची बातमी आली. रिपेअरवाली लटकलेली ती लटकलेलीच. चिमणीनं फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "म्हातारे जिंकले." भाऊ हातात चमचा घेऊन उभा. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं नजर चोरली. आता तरी सांगून टाक, असं मी त्याला दुसऱ्या दिवशी म्हटलं. तो म्हणाला, "सांगतो, जरा शांत होऊ दे तिला." ती शांतच होती. तोच तर प्रश्न होता.

चित्रपट लागला तेव्हा त्यानं तिची समजूत काढायला म्हणून तीन तिकिटं आणली, तिचं, त्याचं आणि माझं. ती यायला तयार झाली ह्याचंच मला नवल वाटलं. थिएटरच्या पायऱ्यांवर मंडळ आधीच जमलेलं, बिल्ले लावून. घड्याळजी हौशी माणूस. त्यांनी मत देणाऱ्या प्रत्येकासाठी बिल्ला करून घेतला होता, त्यावर लिहिलेलं, 'मी कप्तानाला परत आणलं.' त्यांनी एक माझ्या हातात ठेवला. मी हसले. मग ते चिमणीकडे वळले.

"आणि हा तुझा, बेटा. तुझंही मत होतं ना आपल्याकडे! नवी पिढीसुद्धा आमच्या बाजूनं, म्हणून सगळ्यांना सांगतो मी."

चिमणीनं बिल्ला हातात घेऊन वाचला.

"माझ्या नावानं?" तिनं बापाला विचारलं.

"अगं, तेव्हा सगळेच..."

"कप्तानाला?"

तिनं बिल्ला जीन्सच्या खिशात टाकला आणि आत जाऊन आपल्या खुर्चीत बसली. मला वाटलं होतं, ओरडेल, निघून जाईल. त्यानं बरं वाटलं असतं.

चित्रपटाचं काय सांगू? म्हातारा कप्तान करणारा नट केव्हाच वारला आहे. त्यांनी कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा बनवला होता, तोही तरुण. अंधारातून आधी नुसता आवाज आला, "सगळे सुखरूप आहेत ना?" थिएटरमध्ये शिट्ट्या. माझ्या शेजारी माझा भाऊ ढसाढसा रडायला लागला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. मला आमचे वडील आठवले. मग चेहरा उजेडात आला, कप्तान हसला आणि भावाचं रडणं एकदम थांबलं.

"दात," तो माझ्या कानात म्हणाला. "ताई, दात बघ."

दातांची छटा ठरवायला डॉक्टर त्याच्याकडे म्हातारी माणसं पाठवतात, ती लग्नातला फोटो घेऊन येतात, असेच दात द्या म्हणतात. तो त्यांना समजावतो, आजोबा, तोंड सत्तरीचं आणि दात विशीचे, तुमचेच वाटणार नाहीत. मग जरा पिवळी छटा निवडतो, एखादी कड किंचित घासतो. त्या नटाचा वरचा एक दात तिरपा होता, हे त्याला लहानपणापासून पाठ. पडद्यावरच्या कप्तानाचे सगळे दात एका रांगेत होते.

"हा तो नाही," तो म्हणाला. "आणि मी रडलो. त्यांना माहीत होतं मी रडणार." मग जरा वेळानं, "तो गेला होता गं. नीट गेला होता." त्याच्या आवाजात इतका राग मी कधी ऐकला नव्हता, आणि तो कंपनीवर किती आणि स्वतःवर किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पुढे कप्तान जुनीच वाक्यं बोलत राहिला, लोक टाळ्या पिटत राहिले. पलीकडे चिमणी पडद्याकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती.

त्यानंतर तिनं भांडण केलं नाही. जेवते, अभ्यास करते, विचारलं तर उत्तर देते. संध्याकाळी आपल्या खोलीत असते. सोफ्यावर तो एकटा बसतो. त्यानं मंडळात जाणं सोडलं, तेही तिला आपणहून सांगितलं. ती म्हणाली, "जा ना. माझ्यासाठी नको सोडू."

परवा मी त्यांच्याकडे डबा द्यायला गेले होते. तो तिच्या दाराशी उभा होता, अंगावरची प्लॅस्टरची धूळसुद्धा झटकली नव्हती.

"आपली मालिका पहिल्यापासून लावू या का?" त्यानं विचारलं. "दोन्ही वर्षं. तुला आवडायची ना."

"पुन्हा तेच बघायचं?" ती म्हणाली. "नको, बाबा. मला पुढचं बघायचं होतं."

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मी डबा घेऊन तशीच थांबले. मग त्यानं जरा हसून विचारलं, जसं आधी ताटं वाळेपर्यंत विचारायचा तसं, "बरं, मग तूच सांग, पुढे काय झालं असतं? वाचली असती का ती?"

चिमणीनं वर बघितलं. तिचा चेहरा क्षणभर उजळला. तिच्याकडे उत्तर होतं, नुसतं हो किंवा नाही नव्हे, सगळी गोष्ट होती, कितीतरी दिवस घोळवलेली. ती गोष्ट मला दिसली आणि त्यालाही दिसली. त्यानं एक पाऊल आत टाकलं.

"माहीत आहे मला," ती हळूच म्हणाली. "पण तुला नाही सांगणार."