कमी पट्टीचं घर

हिंगणीहून आमचा टेम्पो निघाला तेव्हा त्यात सामान कमी आणि सल्ले जास्त भरले होते. सुशीला, तू तेव्हा तिथल्या घरात नवी सून होतीस. जाऊ निघाली म्हणून दाराआड उभी राहून रडत होतीस. मी रडले नाही, कारण कुकरची शिट्टी सापडत नव्हती. मामाजी, आपले सासरे, ओट्यावरून उठून ह्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, "घर एकदाच घ्या लागते, पट्टी जनमभर भरा लागते. पट्टी पाहून घेजो." ह्यांनी मान डोलावली. मला कुणी काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही.

भाऊजींनी, तुझ्या नवऱ्यानं, शेतात वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवायची आणि आम्ही ती वर्ध्याच्या बाजारात विकायची, असं ठरलं होतं. दोन वर्षं भाड्यानं काढली, मग घरं पाहू लागलो. शेवटी दोन घरांवर गोष्ट आली. एकच रस्ता, समोरासमोर घरं, पण रस्त्याच्या एका बाजूला नगरपरिषद आणि दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत. नगरपरिषदेच्या बाजूला नळ, नाली, खांबावर दिवा. पंचायतीच्या बाजूला मातीची गल्ली आणि चौथ्या दिवशी येणारा पाण्याचा टँकर. ह्यांनी दोन्ही घरमालकांकडून घरपट्टीच्या पावत्या मागून घेतल्या आणि बाजारात बैलाचे दात पाहावेत तशा निरखून पाहिल्या. पंचायतीची पट्टी समोरच्याच्या पाव हिश्श्याइतकीही नव्हती.

मी नगरपरिषदेच्या घरातला नळ सोडून पाहिला. चांगलं बोटभर धारेनं पाणी आलं. मी म्हणाले, "हे घर बरं आहे."

"पट्टी पाहिली काय त्याची?" हे म्हणाले, आणि विषय संपला.

बावीस वर्षं आम्ही त्या कमी पट्टीच्या घरात राहिलो. सांडायचं, धुवायचं पाणी बोअरचं. ते इतकं जड की त्यात डाळ शिजत नसे. प्यायचं आणि सैपाकाचं पाणी रस्ता ओलांडून समोरच्या पुष्पाताईंच्या नळावरून. रोज सकाळी सहा फेऱ्या, पाहुणे आले की दहा. पुष्पाताई कधी वाकडं बोलल्या नाहीत, पण कुणाच्या दारात रोज हंडा घेऊन उभं राहिलं की आपली मानच आपोआप खाली जाते.

दर वर्षी पट्टी भरून आले की हे जिलबी आणायचे आणि हिंगणीला फोन लावायचे, "बाबा, यंदाही थोडक्यात सुटलो." तिकडून मामाजी शाबासकी द्यायचे. मी जिलबी खायचे आणि मला रागही यायचा. खोटं कशाला बोलू, पैसे वाचत होते, त्यातूनच लेकीच्या शाळेची फी निघाली. म्हणून तर तोंड उघडता येत नव्हतं. वाचलेलं सगळ्यांना दिसत होतं, माझे दुखरे गुडघे लुगड्याखाली झाकलेले होते.

मग सासूबाई गेल्या आणि मामाजी आमच्याकडे राहायला आले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी हंडा घेऊन आत येत होते, तर म्हणाले, "सूनबाई, पाणी तिकडून काऊन आनून राह्यली?"

"इकडची पट्टी कमी आहे, मामाजी," मी म्हणाले. मला टोमणा मारायचा नव्हता, पण तो बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर छोटी कळशी जागेवर नाही. दारात आले तर मामाजी ती खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होते. अर्धं पाणी सांडलेलं, धोतर ओलं झालेलं, एक मोटारसायकलवाला त्यांच्यासाठी थांबलेला. ओट्यावर कळशी ठेवून ते बराच वेळ दम खात बसले. मग ह्यांना हाक मारली.

"आपल्या आंगनात विहीर होती, मनून मी तसा बोललो," ते म्हणाले. "थेही पाणी तुह्या मायनंच वढलं. म्या कधी दोर हाती घेतला नाई. मले काय ठाव, पाणी कसं येते घरात. तू तिकडं घर घे. पट्टी जास्त राहू दे."

वडिलांनी आपलाच सल्ला परत घेतलेला ह्यांनी कधी पाहिला नव्हता. मी आत जाऊन चहा ठेवला आणि तिथंच थोडी रडले, टेम्पो निघाला तेव्हाचंही राहून गेलं होतं ना.

पण तोवर त्या बाजूच्या घरांचे भाव कुठल्या कुठे गेले होते. शोधण्यात तीन वर्षं गेली, त्यातच मामाजीही गेले. आता गेल्या महिन्यात आम्ही पंचायतीकडचं ते मोठं घर विकून नगरपरिषदेच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. आणि गंमत बघ, आम्ही निघालो त्याच आठवड्यात जुन्या गल्लीत नळाच्या पाइपासाठी खोदायला सुरुवात झाली. हे म्हणाले, "वर्षभर थांबलो असतो तं?" मी म्हणाले, "तुम्ही थांबा. मी जाते." मग आले मुकाट्यानं.

नव्या घरात नळ रोज येतो. तरी पहिल्या दिवशी मी घरातली सगळी भांडी भरून ठेवली आणि मग दुपारभर काय करावं ते सुचेना. आनंद व्हायला हवा होता, नुसता थकवा आला. आपलं घर कोणतं वाटतं म्हणून तू विचारतेस. हिंगणीचं घर ह्यांचं, ते मोठं घर मामाजींच्या सल्ल्याचं. या दोन खोल्या घेताना मात्र मला विचारलं होतं.

तुझ्या प्रीतीनं परवा फोन केला होता, "मोठी आई, नागपूरले घर घेऊन राह्यलो, पट्टी कुठं कमी आहे थे कसं पाहा लागते?" तिला सांग, पट्टी जरूर पाहावी. पण घर पाहायला जाईल तेव्हा नळ तिनं स्वतः सोडून पाहावा, आणि घर बरं वाटलं तर तसं दोनदा म्हणावं. मी एकदाच म्हणाले होते.